थोरलीचा दोर

"तुझे कफ कुठं गेले?" ऑलिव्हनं विचारलं.

"आहेत की आत."

"दिसत नाहीत ते. कोटाच्या बाहेर बोटभर तरी दिसायला हवेत. सगळं गाव बघणार आहे आज."

"बाही लांब आहे कोटाची."

"मागच्या लग्नात बरी होती ती?"

"माणूस म्हातारपणी आखडतो, ऑलिव्ह. कोट नाही आखडत."

एरवी ऑलिव्हनं नवऱ्याला यावर दोन शब्द जास्तच ऐकवले असते. आज तिनं नुसती त्याच्या टायची गाठ सारखी केली आणि पुन्हा सँडविचच्या कडा कापायला उभी राहिली. रूबेनला त्याचं काही वाटलं नाही. सकाळपासून पेडलो गावातली प्रत्येक बाई कशाच्या ना कशाच्या कडा कापत होती.

इंग्लंडच्या राणीला गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली होती. जून महिना होता, पण हवा अशी की हातमोजे घालावेत. तरी चर्चपासून दुकानापर्यंतच्या रस्त्यावर टेबलं मांडली होती, वर पताका लावल्या होत्या आणि रात्रीच्या पावसानं त्यांचा लाल रंग पांढऱ्यात उतरला होता. ज्युबिली समितीच्या अध्यक्ष मिसेस ऑडली. त्यांनी गावातल्या प्रत्येक माणसाला काहीतरी काम लावून दिलं होतं, कारण मोकळा माणूस दिसला की त्यांना बरं वाटत नसे. रूबेन टपरच्या वाट्याला मोठा मान आला होता. गावातल्या प्रत्येक मुलाला राणीचं चित्र असलेला एक मग मिळायचा होता आणि ते मग रूबेनच्या हातून वाटले जाणार होते.

"मला कशाला?" तो समितीत म्हणाला होता. "मी आयुष्यभर रस्त्याकडेची गटारं साफ केली. शाळेच्या बाईंना सांगा."

"तुमच्याइतकी वर्षं या गावाला कोणी दिली आहेत, मिस्टर टपर?" मिसेस ऑडली म्हणाल्या होत्या, आणि आजूबाजूचे सगळे माना हलवायला लागले होते. इतक्या माना एकदम हललेल्या रूबेननं पूर्वी पाहिल्या नव्हत्या. तो लाजला आणि हो म्हणाला.

खरं तर ते मग वाटण्यात त्याचा जीव नव्हता. त्याचा जीव पाच वाजण्याकडे लागला होता.

पेडलोच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत. एकेका घंटेच्या दोराला एकेक माणूस. घंटा तोंड वर करून उभी करायची आणि दोर ओढून पुरी फिरवायची. सहा जण पाठोपाठ, धाकटीपासून थोरलीपर्यंत. मग हळूहळू क्रम बदलत जायचा, आणि तो बदलताना एकही क्रम पुन्हा येता कामा नये. कागद बघायचा नाही, थांबायचं नाही, माणूस बदलायचा नाही. असे तीन तास न चुकता गेले, की त्याला म्हणायचं मोठा फेर. पेडलोत मोठा फेर एकदाच पुरा झाला होता, या राणीच्या आजोबांच्या ज्युबिलीला, एकोणीसशे पस्तीस साली. मनोऱ्याच्या भिंतीवर त्याची काळी लाकडी पाटी आहे. तिच्यावर सोनेरी अक्षरांत सहा नावं आहेत, आणि शेवटचं नाव आहे रूबेनच्या बापाचं. थोरली त्याच्याकडे होती.

रूबेन तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. त्याला त्या फेरात जागा मिळाली नाही. आठवडाभर आधी वर चढून घंटांच्या कण्यांना वंगण घालायचं काम तेवढं त्यानं केलं होतं. पाटी रंगाऱ्याकडे जायच्या वेळी तो बापाला भीत भीत म्हणाला, "माझं नाव खाली कोपऱ्यात टाकता आलं तर? वंगण मी घातलं होतं."

"वंगण घालणाऱ्याची पाटी नसते," बाप म्हणाला. "तुझी पाळी पुढच्या ज्युबिलीला."

पुढची ज्युबिली यायला बेचाळीस वर्षं लागली. मधे दोन राज्याभिषेक झाले. पहिल्याला अर्ध्या तासात घोटाळा झाला, दुसऱ्याला सगळं सुरळीत चाललं असताना दोर तुटला. बाप गेला. थोरली रूबेनकडे आली, आणि घंटाघराचं कॅप्टनपणही. त्यानं पोरांना शिकवलं. पोरं गाव सोडून गेली, त्यानं दुसरी शिकवली. बापानं एल्म लाकडाचा एक ठोकळा करून ठेवला होता, दोर हाताला यावा म्हणून त्यावर उभं राहायला. टपर घराणंच बुटकं. त्या ठोकळ्यावर रूबेनच्या दोन पावलांचे खळगे पडले होते.

मार्चात त्यांनी मोठ्या फेराची तालीम केली. दुसऱ्या तासात रूबेनचा क्रम चुकला. "दोर भिजलाय," तो म्हणाला. एप्रिलात पुन्हा केली, पुन्हा दुसऱ्याच तासात, पुन्हा त्याचाच. या वेळी त्यानं दोराचं नाव घेतलं नाही. बाकीचेही कोणी काही बोलले नाहीत. उलट सगळे फार गोड वागले. शिव्या घालणाऱ्या माणसांचं बरं असतं, ती अजून आपल्यातलीच असतात. रूबेनला हे तेव्हा सुचलं नाही. घरी येऊन तो रोज सकाळी परसात सरपण फोडायला लागला, दंडात ताकद यावी म्हणून.

तर पाच वाजता फेर सुरू व्हायचा होता. चहा आटोपल्यावर, सगळं गाव टेबलांशी बसलेलं असताना. मिसेस ऑडलींनीच तसं सांगितलं होतं.

दोन वाजता तो कोट घालून रस्त्यावर आला. डेनिस क्रॉक एक बाकडं उचलून चर्चच्या बाजूला निघाला होता. डेनिस तालुक्याच्या बसवर ड्रायव्हर. चौदाव्या वर्षी मनोऱ्यात आला तेव्हा त्याच्या तळहाताची सालं निघाली होती, आणि रूबेननं ती स्वतःच्या हातानं बांधली होती. आता धाकटी त्याच्याकडे असे आणि फेराचे हुकूमही तोच देई.

"काय कॅप्टन, आज एकदम रुबाब," डेनिस म्हणाला.

"पाचला वेळेवर ये. तुझी बस नाहीये ती."

"हो, कॅप्टन."

"आणि दारू पिऊ नकोस आधी. धाकटी हलकी आहे, झिंगलेल्याच्या हातात राहत नाही."

"नाही पिणार," डेनिस म्हणाला. तो बाकड्याकडे बघत होता.

राणीच्या चित्राचे मग चेस्टनटच्या झाडाखाली टेबलावर रचले होते. मुलांनी सोंगं घेतली होती, म्हणून रांग बघण्यासारखी होती. दोन समुद्री चाचे, एक बिशप, पुठ्ठ्याचे मुकुट घातलेल्या पाचसहा राण्या. बेकरीवाल्याची नात लाल टपालपेटी झाली होती. तिला तिच्या आईनं नळकांड्यात असं चिकटवून टाकलं होतं की हात बाहेर काढायला जागाच ठेवली नव्हती.

"आता तुला मग कसा देऊ गं, बाई?" रूबेन म्हणाला.

"आत टाका," टपालपेटी आतून म्हणाली.

"फुटला तर?"

"मी पकडते ना."

आजूबाजूचे हसले. रूबेननं मग वर्तमानपत्रात गुंडाळला, पत्र टाकायच्या फटीशी नेला, आणि तो आत सरकवत असताना मनोऱ्यातली धाकटी वाजली.

धाकटी, मग दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. रूबेनचा हात फटीतच होता. धाकट्या पाच घंटांच्या पोरांनी मिळून हात मोकळे करायला घेतलं असेल, असं त्याला त्या क्षणी वाटलं. तेवढ्यात सहावी वाजली.

थोरली. तिचा आवाज त्याच्या बरगड्यांना माहीत होता. पन्नासेक वर्षांत तो आवाज त्यानं असा लांबून, खालून, फक्त बापाच्या वेळी ऐकला होता.

"पकडलाय मी, सोडा ना," टपालपेटी म्हणाली.

हातातला मग त्यानं सोडला. घंटा दोनचार वेळा सरळ क्रमानं वाजल्या, आणि मग क्रम बदलायला लागला. म्हणजे फेर सुटला होता. सुटलेल्या फेरात जाता येत नाही. मनोऱ्याचं दार आतून लावून घेतात. लावा असं त्यानंच प्रत्येकाला शिकवलं होतं. म्हणजे बाहेरचं कोणी येऊन आतल्यांचं लक्ष मोडू नये. आज तो स्वतःच बाहेरचा होता.

त्यानं टेबलांकडे पाहिलं. घंटा सुरू झाल्यावर माणसं आपोआप मनोऱ्याकडे बघतात. आज एकही मान वर नव्हती. सगळं गाव समोरच्या बशीतल्या जेलीत बघत होतं. खाटीक, दुकानदारीण, शाळेच्या बाई, ज्यांच्या घरची पोरं त्यानं दोराला लावली ते सगळे. काय ते त्याला तिथंच कळलं. त्या दिवशी समितीत इतक्या माना का हलल्या होत्या, तेही कळलं. मान म्हणून जे हातात दिलं ते त्याला झाडाखाली बांधून ठेवायला दिलं होतं.

पाद्री मिस्टर होल्ट लगबगीनं आले. तरुण होते, गावात येऊन दोनच वर्षं झाली होती.

"रूबेन, मी तुमच्याशी बोलणारच होतो."

"कधी?"

"आज संध्याकाळी."

"पाच वाजता?"

पाद्रीसाहेब लाल झाले. "हे बघा, पाटी लागावी अशी सगळ्यांची फार इच्छा होती. दोनदा फसलं. आता पुन्हा ज्युबिली कधी येईल कोणाला ठाऊक. मग डेनिसनं शहरातल्या मोठ्या चर्चमधला एक मुलगा सुचवला. फक्त थोरलीसाठी. बाकी पाच आपलेच आहेत."

"आपलेच," रूबेन म्हणाला.

"तुम्हाला दुखवावं असं कोणाच्या मनात नव्हतं. म्हणून तर..."

"मुलं थांबलीत, पाद्रीसाहेब," रूबेन म्हणाला, आणि पुढच्या चाच्याला हाक मारली.

त्यानं सगळे मग वाटले. एकाही मुलाला घाईनं दिला नाही. प्रत्येकाला नावानं बोलावलं, तू कोण झालास ते विचारलं, राणीचं चित्र पुढे करून मग हातात दिला. ज्यांनी पाहिलं ते पुढे बरेच दिवस सांगत, म्हातारा किती शांत होता. शांत कुठला. त्याच्या आत जे चाललं होतं त्याला शांत म्हणत नाहीत. पण हात मोकळे झाले की त्यांचं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो देत राहिला.

शेवटी सगळे मग संपले. तो चहाच्या मोठ्या, नळाच्या भांड्याशी गेला. तिथं ऑलिव्ह पेले भरत होती. तिनं त्याला येताना पाहिलं आणि नळ बंद केला.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"मिसेस ऑडली घरी आल्या होत्या. तू परसात लाकडं फोडत होतास."

"म्हणजे मी लाकडं फोडत होतो आणि तू आत बसून..."

"हळू बोल, रूबेन."

"मी हळूच बोलतोय. सगळ्या गावानं केसानं गळा कापावा, ठीक आहे. गाव आहे. पण तू?"

ऑलिव्हचे डोळे भरले, पण तिनं ते पुसले नाहीत. "एप्रिलात तू त्या तालमीवरून आलास तेव्हा तुला कप धरता येत नव्हता. आठवतं? चहा सगळा मांडीवर. तू म्हणालास, कपाचा कान लहान आहे. मी काही बोलले का? सगळ्यांसमोर तिसऱ्यांदा चुकला असतास तर घरी येऊन उठला नसतास तू. मी ओळखते तुला."

"मला सांगितलं असतंस तर मी आपण होऊन दोर सोडला असता."

"नसता सोडलास."

वर घंटा वाजत होत्या.

"नसता सोडला," तो म्हणाला. "पण विचारायचं होतं मला. नाही म्हणायला तरी."

मागे कोणीतरी चहा मागितला. तिनं नळ सोडला.

तो चर्चच्या भिंतीशी एका बाकावर जाऊन बसला. रस्सीखेच झाली, पोत्यांची शर्यत झाली, झिमझिम पाऊस आला, बायकांनी केकवर चादरी धरल्या. रूबेन ऐकत होता. पहिला तास गेला. दुसऱ्या तासात एक अवघड वळण येतं, तिथं तो दोन्ही वेळा घसरला होता. ते वळण आलं तेव्हा त्यानं श्वास रोखला. तो मनात काय म्हणत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक, पण देवाच्या भिंतीला टेकून बसून म्हणावं असं ते नव्हतं. चूक, तो म्हणत होता. एकदाच चूक.

शहरातला मुलगा चुकला नाही. थोरली जिथं पडायला हवी तिथं पडली, जड आणि गोल, घाई नाही की रेंगाळणं नाही. रूबेनच्या उमेदीतही ती इतकी नेमकी पडत नव्हती. ते फार चांगलं होतं. त्याला ते चांगलं आहे हे कळत होतं, आणि त्याला तेच सोसत नव्हतं. वाईट वाजवलं असतं तर रागवायला तरी जागा होती.

तिसरा तास संपता संपता घंटा पुन्हा सरळ क्रमावर आल्या. धाकटी ते थोरली, धाकटी ते थोरली, आणि मग एकदम काहीच नाही. गाव उठून टाळ्या वाजवायला लागलं. आता मात्र सगळ्यांना वर बघता येत होतं.

मनोऱ्याचं दार उघडलं. सहा जण बाहेर आले, केस घामानं चिकटलेले. शहरातला मुलगा उंच, हसरा, कोणी पाठ थोपटली की दरवेळी थँक यू म्हणणारा. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊकही नव्हतं. त्यानं रूबेनला विचारलं, "तुम्ही इथले जुने वादक ना? काय सुरेख घंटा आहे तुमची."

"चांगली वाजवलीस," रूबेन म्हणाला. "फार चांगली."

मग डेनिस आला. बराच वेळ त्यानं घसा साफ केला.

"कॅप्टन, आमचं सगळ्यांचं ठरलंय. पाटीवर तुमचं नाव येणार. सहा नावांच्या खाली वेगळी ओळ. घंटाघराचे कॅप्टन, रूबेन टपर. तुमच्या वडिलांच्या पाटीच्या शेजारीच लावायची ती. रंगाऱ्याला सांगून ठेवलंय."

"तेही ठरवून टाकलंत?"

"तुम्हाला आनंद होईल म्हणून."

"मी कुठं वाजवली थोरली?"

"पण आम्हाला शिकवलंत तुम्ही. तुमच्याशिवाय यातलं काही झालं असतं का?"

रूबेननं त्याच्याकडे पाहिलं. त्या हातांची सालं निघालेली त्याला आठवत होती. हो म्हणणं किती सोपं होतं. बेचाळीस वर्षं ज्या भिंतीवर नाव लागावं म्हणून थांबला, त्या भिंतीवर ते लागत होतं. बापाच्या शेजारी लागत होतं.

"शिकवणाऱ्याची पाटी नसते," तो म्हणाला. "खाली ओळ टाकू नका. मी कोर्टात जाईन."

"कॅप्टन..."

"आणि कॅप्टन तू. आजपासून. मनोऱ्याची किल्ली ऑलिव्ह आणून देईल."

तो मनोऱ्यात गेला. आत घामाचा आणि सायडरचा, सफरचंदाच्या दारूचा, वास होता. सहा दोर गुंडाळून खुंट्यांना लावले होते, नीट, जसे त्यानं शिकवले होते तसे. शहरातला मुलगा उंच, त्याला ठोकळा लागला नव्हता. तो कोपऱ्यात सरकवला होता आणि त्यावर सायडरचा जग ठेवला होता. त्याखाली ओला गोल उमटला होता. रूबेननं जग खाली ठेवला, रुमालानं ओल पुसली आणि ठोकळा काखेत मारला.

टेबलांच्या मधून तो ठोकळा घेऊन चालत गेला. पाऊस वाढला होता, माणसं आवराआवर करत होती. दोघांतिघांनी त्याला नावानं हाक मारली. कोणीतरी म्हणालं, थांबा, मी धरतो. तो थांबला नाही.

ऑलिव्ह घरी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात त्या ठोकळ्यावरच बसला होता, खुर्ची रिकामी ठेवून. कोट अंगावरच होता आणि पाणी ठिबकत होतं.

"काढ तो," ती म्हणाली. "न्यूमोनिया होईल."

तो हलला नाही, पण त्यानं तिला अडवलंही नाही. तिनं मागून कोट धरला आणि एक हात मोकळा केला, मग दुसरा. कोट हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

आतल्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर घट्ट दुमडलेल्या होत्या. तो दोर धरायच्या आधी दुमडायचा तशा, एकसारख्या, चार घड्या. सकाळीच दुमडल्या होत्या त्यानं, पाचला वेळ जायला नको म्हणून, आणि वर कोट चढवून दिवसभर तसाच हिंडला होता. घड्यांचे वळ दंडावर उठले होते.

ऑलिव्हनं कोट खुर्चीवर टाकला. ती त्याच्यापुढं गुडघ्यांवर बसली आणि एक बाही हळूहळू उलगडायला लागली. मनगटापर्यंत आणली, कफचं बटण लावलं. मग दुसरीला हात घातला.

रूबेननं तो हात बाजूला केला.

"ती राहू दे," तो म्हणाला.